सोनी, आजोबा आणि उरलेल्या कॅप्सुली

गेल्या पावसाळ्यात ठकी शिंकायला लागली.

ठकी म्हणजे आमची मांजर. वय वर्षं तीन, वजन तीन किलो चारशे ग्रॅम. (वजनाचा पुढे संबंध आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.) पहिल्या दिवशी चार-पाच शिंका. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी. तिसऱ्या दिवशी तिने मासळीकडे नुसतं बघितलं आणि पाठ फिरवली. मग मात्र माझा धीर सुटला. औषधांच्या डब्यात नवऱ्याच्या मागच्या आजारपणातली डॉक्सिसायक्लिनची अर्धी पट्टी होती. मांजरांना हेच औषध देतात, असं कुठेतरी वाचलेलं. एक गोळी काढली, सुरीने चार तुकडे केले, एक तुकडा चमचाभर दुधात टाकला...

आणि हात थांबला. गोळी, दूध, मांजर. हे दृश्य मी आधी बघितलं होतं. पिंपरीच्या स्वयंपाकघरात, १९८४ साली. तेव्हा मी सात वर्षांची होते.

त्या दिवशी गोळीचा तुकडा कचऱ्यात टाकला आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ठकीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या रात्रीपासून १९८४ सालातल्या त्या मांजरीने माझी पाठ सोडलेली नाही. आईला विचारलं, मामाला विचारलं, मावशीला फोन केला, पुष्कळ वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते आहे. ही एका औषधाची गोष्ट आहे, आणि थोडी आमच्या घराचीही.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. ही कंपनी १९५४ साली सरकारने काढली. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं आणि त्याच वर्षी आजोबा वाईहून पिंपरीला आले. त्यांचं काम मोठमोठ्या टाक्यांवर, जिथे बुरशी वाढवतात त्या विभागात. "आम्ही बुरशीला जेवायला घालतो, आणि ती आम्हाला औषध देते," असं ते सगळ्यांना सांगायचे. पाहुण्यांना हे वाक्य किमान एकदा ऐकावंच लागे!

त्यांच्या या अभिमानामागे एक कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना पायात काटा मोडण्याचं निमित्त होऊन गेला. पाय सुजला, ताप चढला, आठव्या दिवशी सगळं संपलं. साल १९३८. म्हणजे लंडनमध्ये फ्लेमिंगच्या बशीत बुरशी सापडून दहा वर्षं झाली होती, पण त्या बुरशीपासून कुणाला टोचता येईल असं औषध अजून कुणीच बनवलं नव्हतं.

ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये झालं. फ्लेमिंगची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे, ती पुन्हा सांगत नाही. पण ऑक्सफर्डची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती भांड्याकुंड्यांची गोष्ट आहे. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली. यातले हीटली म्हणजे अस्सल जुगाडू माणूस. युद्धाचे दिवस, कशाचीच सोय नाही, तर या गृहस्थाने बिस्किटांचे डबे आणि रुग्णांची बेडपॅन वापरून बुरशी वाढवली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंचं इंजेक्शन दिलं आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. हीटली रात्रभर जागत बसले. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेलेले होते, बाकीचे चार जिवंत.

इथे एक गंमत आहे. गंमत म्हणण्यापेक्षा नशीब म्हणा. फ्लोरींनी उंदीर निवडले. प्रयोगशाळेत तेव्हा सर्रास वापरला जाणारा दुसरा प्राणी म्हणजे गिनिपिग. पुढे १९४३ साली लक्षात आलं की पेनिसिलिन गिनिपिगला मारतं! त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा समतोल बिघडतो आणि घातक जंतू माजतात. पहिला प्रयोग गिनिपिगवर झाला असता तर "हे विष आहे" अशी नोंद करून ती वही कदाचित कायमची बंद झाली असती.

म्हणजे जगाला वाचवणारं औषध एका प्राण्याला अमृत आणि दुसऱ्याला विष, हे अगदी सुरुवातीपासूनच खरं होतं. फक्त आपण ते लक्षात ठेवलं नाही. आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. डायक्लोफेनॅक हे गाईगुरांचं दुखणं कमी करणारं औषध (ते अँटिबायोटिक नव्हे), पण ते दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होत होत्या. हे २००४ साली सिद्ध झालं, आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं गेलेली होती.

असो. पुन्हा ऑक्सफर्ड.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहऱ्यावरची जखम चिघळून एक डोळा गेला होता, फुप्फुसांपर्यंत जंतू पोचले होते. औषध सुरू झालं आणि माणूस उठून जेवायला लागला. पण औषध थोडंच होतं. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच टोचलं, तरी पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो गेला. त्यानंतर डॉक्टरांनी मुद्दाम लहान मुलं निवडली. कारण साधं होतं, लहान शरीराला औषध कमी लागतं.

आजोबांना अलेक्झांडरची गोष्ट पाठ होती. त्यांच्या लेखी तिचं तात्पर्य एकच: औषध मध्येच थांबलं की माणूस जातो. म्हणून कोर्स पुरा करायचा. घरात कुणालाही काही झालं, तर आजोबा गोळ्या मोजायचे.

आता १९८४.

त्या वर्षी मामाला टायफॉइड झाला. तेव्हा त्यावर क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सुली देत. या औषधाचा इतिहासही मजेदार आहे. व्हेनेझुएलामधल्या काराकासजवळच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, त्याच्यापासून १९४७ साली हे औषध निघालं, आणि पुढच्याच वर्षी मलायात टायफॉइडवर ते लागू पडतं हे दिसलं. त्याआधी टायफॉइड म्हणजे तीन-चार आठवडे अंथरूण आणि देवाला नवस. त्यामुळे या कॅप्सुलीला आमच्याकडे जवळजवळ अंगाऱ्याचं स्थान होतं. (१९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या कालिकतमध्ये या औषधाला न जुमानणारा टायफॉइड दिसून गेला होता, पण ही बातमी पिंपरीच्या घराघरांत कुठून पोचणार?) मामा बरा झाला. डब्यात आठेक कॅप्सुली उरल्या. आजोबांच्या शिस्तीत हे कसं बसलं ते मला अजूनही कळलेलं नाही. मामा म्हणतो, तो दुपारच्या कॅप्सुली चुकवायचा आणि बोलायचा नाही.

तेव्हा घरात सोनी होती. पट्ट्यापट्ट्यांची, पिवळसर. एका सकाळी ती बोक्याशी भांडून आली. दोन दिवसांनी गालावर लिंबाएवढी गाठ. ताप. आजोबांनी गाठीला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "पू झालाय. अँटिबायोटिक द्यायला पाहिजे." त्यांना स्वतःचा भाऊ आठवला असणार, असं आई म्हणते. आजोबांनी रोगनिदान अगदी बरोबर केलं होतं, हे मला आज लिहावंसं वाटतं. तो पूच होता.

कॅप्सूल उघडून त्यातली अर्धी पूड दुधात. सकाळ-संध्याकाळ. पहिल्याच दिवशी सोनीने दुधाला तोंड लावलं नाही, पूड कडूजहर होती. मग मावशीने, ती तेव्हा चौदा वर्षांची, सोनीला टॉवेलमध्ये गुंडाळून तोंड उघडून धरायचं आणि आजोबांनी चमच्याने ओतायचं. सोनीच्या तोंडातून फेस यायचा. मी दाराआडून बघायचे.

तिसऱ्या दिवशी गाठ आपोआप फुटली. पू वाहून गेला, सोनी तरतरीत दिसायला लागली. सगळे खूश. आजोबा म्हणाले, "आता कोर्स पुरा करायचा."

सहाव्या-सातव्या दिवशी सोनीने खाणं सोडलं. पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायला लागली. आजोबांना वाटलं, जंतू परत आले. औषध चालूच राहिलं. कॅप्सुली संपल्या आणि नवव्या दिवशी सकाळी सोनी टाकीखाली मेलेली सापडली. आजोबांनी तिला मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली पुरलं. त्यानंतर आमच्या आजोळी कधीही मांजर पाळलं गेलं नाही.

आता या प्रसंगाकडे आजच्या माहितीने बघू.

मांजराने मांजराला चावलं की दातावरचे जंतू कातडीखाली जातात. वरची जखम लगेच बुजते आणि आत पू होतो. या जंतूंत नेहमी सापडणारा एक म्हणजे पाश्चुरेला, लुई पाश्चरच्या नावाचा. मुख्य उपचार म्हणजे पू बाहेर काढणं, जखम साफ करणं. औषध लागलंच तर डॉक्टर बहुधा पेनिसिलिनच्या कुळातलं देतात, कारण पाश्चुरेलावर ते सहसा चांगलं चालतं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं पेनिसिलिन बनवलं, त्याने आपल्या मांजरीला दुसरंच औषध दिलं. कारण डब्यात ते होतं.

आणि क्लोरॅम्फेनिकॉल मांजराला इतकं का बाधतं? इथे इतिहासात एक विलक्षण दुवा आहे. १९५९ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे औषध दिलेली नवजात बाळं, विशेषतः अपुऱ्या दिवसांची, दगावत आहेत. बाळ दूध सोडतं, पोट फुगतं, अंग राखाडी पडतं. कारण असं: मोठ्या माणसाचं यकृत या औषधाला साखरेसारखा एक रेणू जोडतं आणि मग ते शरीराबाहेर टाकता येतं. नवजात बाळाच्या यकृताला हे काम अजून नीट येत नसतं. औषध आत साठत जातं.

मांजराचं यकृत या एका बाबतीत आयुष्यभर त्या बाळासारखं राहतं! हे जोडकाम करणाऱ्या रसायनांपैकी काही मांजरात फार कमी असतात, आणि त्यांतल्या एकाचं जनुक तर मांजराच्या कुळात पार मोडकळीला आलेलं आहे, हे २००० सालच्या सुमारास दाखवलं गेलं. वाघ-सिंहांचीही तीच गत. एक अंदाज असा, की पिढ्यानपिढ्या फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला झाडपाल्यातली विषं पचवायची वेळच आली नाही, म्हणून ती यंत्रणा गंजून गेली. आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच कारणाने. प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात ना, मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. मी म्हणेन, मांजर म्हणजे छोटा माणूस तर मुळीच नव्हे.

हिशेबही करून बघितला. अर्धी कॅप्सूल म्हणजे सव्वाशे मिलीग्रॅम. सोनी अडीच किलोची धरली तर एका वेळेला किलोमागे पन्नास मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मांजरांवर याच औषधाचे प्रयोग छापून आले होते, साधारण याच मापाने. मांजरांची भूक गेली, ती मलूल झाली, हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज दबला. म्हणजे आमच्या घरात हे घडलं तेव्हा जगात कुणाला तरी हे ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

सोनी औषधानेच गेली का? खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पू रक्तात भिनला असेल, बोक्याकडून दुसरा आजार आला असेल. पण गाठ फुटून बरी होत आलेली मांजर सहाव्या दिवशी अन्न सोडते, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

यात केवळ आमचंच घर अडाणी होतं, असंही नाही. मांजरांची बरीचशी मापं वर्षानुवर्षं कुत्र्यांवरून बेतलेली असायची. एनरोफ्लॉक्सॅसिनचं उदाहरण बघा. चांगलं, जोरदार अँटिबायोटिक. मोठा डोस जास्त परिणामकारक म्हणून नव्वदच्या दशकात त्याची मात्रा वाढवली गेली आणि काही मांजरं अचानक आंधळी झाली. बाहुल्या मोठ्या, नजर हरवलेली. २००१ साली यावर शोधनिबंध आला. आता मांजराला दिवसाला किलोमागे पाच मिलीग्रॅमच्या वर हे औषध द्यायचं नाही, असा दंडक आहे. शिकलेसवरलेले डॉक्टर, कागदावर छापलेलं माप, आणि तरीही हे झालं. औषधांचा इतिहास असाच पुढे सरकतो. कुणाच्या तरी मांजराने किंमत मोजलेली असते.

आणि आजोबांचं ते "कोर्स पुरा करायचा"? त्याचंही मूळ फार मोठ्या माणसापर्यंत जातं. १९४५ साली नोबेल घेताना खुद्द फ्लेमिंगने भाषणात इशारा दिला होता. त्याने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला: घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही अपुरं. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. ते बायकोला लागतात, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती बिचारी मरते. पेनिसिलिन अजून दुकानांत नीट आलेलंही नव्हतं, तेव्हा हा माणूस हे सांगत होता!

आजोबांनी यातला एक अर्धा भाग घेतला: अपुरं घेऊ नका. दुसरा अर्धा भाग राहून गेला: स्वतःच्या मनाने घेऊ नका. आता तर "पट्टी संपेपर्यंत घ्या" या नियमाचाही डॉक्टर नव्याने विचार करत आहेत. बऱ्याच आजारांत थोडक्या दिवसांचा कोर्स पुरतो, आणि विनाकारण लांबवलेल्या औषधाने शरीरातले बाकीचे जंतू औषधाला निर्ढावतात. मांजरांच्या साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला हल्ली तीन ते पाच दिवसच औषध सुचवतात, पूर्वी दोन-दोन आठवडे देत. मात्र किती दिवस द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे ठरवायचं डॉक्टरांनी. औषध चालू असताना मांजराने खाणं सोडलं तर "कोर्स, कोर्स" करत बसायचं नाही, फोन उचलायचा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून त्याचाच वेगळा आजार होतो.

आता ठकी.

डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिला वजनकाट्यावर ठेवलं. मग ताप बघितला, घसा बघितला. म्हणाल्या, "सर्दी आहे. व्हायरल असणार. लगेच अँटिबायोटिक नको." मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी हे विषाणू असतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप नसेल, खाणं-हिंडणं ठीक असेल तर आठ-दहा दिवस वाट बघायची, असं हल्ली धोरण आहे. ठकीने त्यांच्यासमोरच कोमट केलेला मासा खाल्ला (मला घरी ठेंगा दाखवून!). नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर भूक नाही. अन्न कोमट केलं की वास सुटतो. इतकं साधं.

मी धीर करून त्यांना चौथाई गोळीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध तेच लागू शकतं. पण तुम्ही तीन चुका करणार होतात." एक, वजन न करता अंदाजाने तुकडा. दोन, दूध. दुधातलं कॅल्शियम या जातीच्या औषधाला धरून ठेवतं, ते नीट अंगी लागत नाही. तीन, सगळ्यात महत्त्वाची, कोरडा तुकडा. मांजराची अन्ननलिका गोळी लगेच खाली ढकलत नाही. डॉक्सिसायक्लिनचा तुकडा तिथेच अडकून बसला तर आतून भाजतो, जखम होते आणि ती भरताना नलिका आक्रसते. मग मांजराला गिळताच येत नाही. म्हणून हे औषध शक्यतो पातळ द्यायचं, आणि गोळी दिलीच तर मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी किंवा थोडं ओलं खाणं.

पाचव्या दिवशी ठकीला खरंच ताप आला, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड आला, खाणं बंद झालं. मग डॉक्टरांनी तेच डॉक्सिसायक्लिन दिलं. पातळ, तिच्या वजनाच्या मापाने, सिरिंजवर पेनने खूण करून. त्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब ओट्यावर चढून माशाचा डबा हुंगत होत्या.

आमच्या डब्यातली अर्धी पट्टी मी काढून टाकली. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. २०१४ सालापासून आपल्याकडे बऱ्याच अँटिबायोटिक्सची दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची असते, २०१६ सालापासून पट्टीवरच्या लाल रेघेची जाहिरात सरकारने केली, आणि तरीही घरोघरच्या डब्यांत उरलेल्या पट्ट्या आहेतच. त्यात मांजरं, कुत्री, आपली मुलं, सगळी एकाच घरात, एकमेकांच्या अंगाखांद्यावर. जंतू आपापसांत फिरतात. आज मांजराला अंदाजाने दिलेली गोळी उद्या कुणाच्या आजारपणात नडेल, कोण जाणे.

हे सगळं मी मुख्यतः मावशीसाठी लिहिते आहे.

मी फोन केला तेव्हा मावशी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तोंड मी धरलं होतं गं. ती माझ्याकडे बघायची." चाळीस वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तिला वाटत होतं, आपण फार आवळून धरलं म्हणून काहीतरी झालं.

मावशी, तू हे वाचशील. तुझ्या धरण्याने काही झालं नाही. फेस येत होता तो कडू चवीने, कुठल्याही मांजराला येतो. तू चौदा वर्षांची होतीस आणि वडिलांनी सांगितलेलं काम करत होतीस. आणि ज्यांनी सांगितलं, ते तर भाऊ गमावलेले गृहस्थ होते. औषध हाताशी असून ते द्यायचं नाही, हे त्यांना जमणारच नव्हतं.

त्यांची चूक झाली, हे मी पुसून टाकत नाही. ते असते तर त्यांनीही पुसू दिलं नसतं. पण आईने परवा एक गोष्ट सांगितली, ती तुलाही माहीत नसेल. सोनी गेल्यावर आजोबांनी घरातला औषधांचा डबा रिकामा केला, आणि पुढे रिटायर होईपर्यंत कुणाच्याही उरलेल्या गोळ्या घरात ठेवू दिल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "बुरशीचं देणं आहे ते. मोजून घ्यावं."

पेरूचं झाड अजून आहे म्हणे. पुढच्या वेळी पिंपरीला गेलो की आपण दोघी तिथे जाऊन येऊ.